समोरचा अजून सुरू करत नाही

तयारी कशी करावी हे अख्ख्या पुण्यानं आमच्या समोरच्याकडून शिकावं, आणि सुरुवात कशी टाळावी हेही त्याच्याकडूनच. समोरचा म्हणजे कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमधला. माणूस वर्ध्याकडचा, नोकरी हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत, वय चाळिशीकडे झुकलेलं, लग्न नाही. शौक एकच, कॉम्प्युटरवरचे मोठमोठे खेळ. मी सातवी शिकलेला, खडकीला कारखान्यात लेथवर हयात घालवलेला माणूस. मला खेळ म्हटलं की कबड्डी कळते. पण त्यानं मला इतक्यांदा समजावलंय की आता मीच तुम्हाला समजावतो. या खेळांत नुसती गाडी पळवायची नसते, की गोळ्या झाडत सुटायचं नसतं. आधी आपण एक माणूस घडवायचा. नाक, डोळे, नाव, स्वभाव, सगळं आपण ठरवायचं. मग त्याला एका मोठ्या मुलखात सोडायचं आणि त्याचं आयुष्य आपण जगायचं. कुणाशी गोड बोलायचं, कुणाशी भांडायचं, कुणाला वाचवायचं, ते आपल्या हातात. एकेक खेळ महिनोन्‌महिने चालतो म्हणे. जगानं डोक्यावर घेतलेले असे झाडून सगळे खेळ समोरच्याच्या काचेच्या कपाटात होते. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न काढलेले. त्यातला एकही त्यानं कधी सुरू केला नव्हता.

बरं, माहिती म्हणाल तर तोंडपाठ. कुठल्या खेळात कुठला राजा, त्याची कुठली राणी, कुठल्या डोंगराआड काय आहे, असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं हा तिथं तलाठी होता. आमच्या सोसायटीच्या चेअरमनची मुलगी कॉलेजात आहे. तिनं याचं वर्णन ऐकून एक खेळ आणला, सुट्टीत खेळून संपवला आणि आनंदानं सांगायला आली. यानं दारातच दोन्ही कानांवर हात ठेवले. "शेवट नको सांगू बाई! मी सुरू करून राहिलो!" ती म्हणाली, "पण काका, तुम्हीच तर म्हणालात की यासारखा खेळ नाही." हा म्हणाला, "ते मी वाचलं होतं." एकदा कचेरीतून आठवड्याची रजा काढली, खेळासाठी म्हणून. पहिले दोन दिवस खुर्चीला तेल घालण्यात गेले. मग खिडकीला जाड पडदा शिवून आणला. शेंगदाणे भाजून बरणी भरली. सगळं जमलं तेव्हा म्हणाला, एकदा नीट वाचून घेतो की सुरुवात कशी करायची. वाचता वाचता शेंगदाणे संपले आणि रजाही संपली. मांडव सजला, वाजंत्री आली, नवरदेव तेवढा घोड्यावर बसेना, अशातली गत.

मी तोंडाचा फटकळ. एकदा सरळ विचारलं, "तुला नक्की काय होतं रे?" चहाचा कप फिरवत बसला. म्हणाला, "भेव वाटते काका. सारं जग म्हणते उत्तम आहे. अन् मलेच नाही आवडला तर? मग खोट माझ्यातच निघाली ना." मी म्हटलं, "पुरणपोळी आवडली नाही म्हणून आजवर कुणी फासावर गेलेला ऐकला नाही." तर म्हणतो, "अन् आवडला, तर तो संपन ना काका." आता अशा माणसाला काय सांगायचं? नाही आवडला तरी भीती, आवडला तरी भीती. मी कपाळाला हात लावला.

आणि त्यात भर घातली ती मीच. खंडेनवमीला मी घरात माझी जुनी हत्यारं मांडून पूजा करतो. कारखान्यात लेथला झेंडूचा हार घालायचो, ती सवय. समोरच्यानं ते पाहिलं आणि घरी जाऊन खेळांच्या डब्या पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. मी म्हटलं, "छान. पण पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याला चालवायचं असतं बरं का. आम्ही मशीन थोडंसं फिरवून मुहूर्त करायचो." "हो ना काका, पण फुलं आहेत ना त्यावर. वाहिलेलं फूल कसं उचलू? सुकू द्या." फुलं सुकेपर्यंत दिवाळी यायची, आणि दिवाळीला हा वर्ध्याला जायचा. असं दरवर्षी.

आमच्या हिचा मात्र त्याच्यावर भारी जीव. रविवारी दुपारी मी आडवा झालो की ही वाटीत काहीबाही घेऊन समोर जायची, आणि दारातूनच विचारायची, "सुरू केलास का रे?" "नाही ना काकू." "मग मी काय मेल्यावर बघू?" हे ती हसत म्हणायची. तिला त्या गोष्टी ऐकायला आवडायचं. रात्री जेवताना मलाही सांगायची, अमक्या खेळात म्हणे झाडं बोलतात. मी म्हणायचो, माणसं बोलतात तेवढं पुरे आहे.

गेल्या माघात ही गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं, तेवढी देवाची मेहेरबानी म्हणायची. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात समोरचा, हातात दुधाची पिशवी. आत आला, गॅस कुठला पेटतो ते विचारलं आणि चहा टाकला. तेव्हापासून एक सकाळ चुकवली नाही. आयुष्यात कधी काही सुरू न केलेल्या माणसानं ही एक गोष्ट न वाचता, न ठरवता सुरू केली. चहा पांचट करतो. मी तसं सांगतो. तो म्हणतो, "उद्या सुधारतो." मुलगी नाशिकला, तिचा संध्याकाळी फोन येतो, बाबा जेवलात का. सोसायटीत मला कुणी काका म्हणतं, कुणी आजोबा. अहो म्हणणारं मात्र आता कुणी राहिलं नाही. ते एक नाव तिच्याबरोबरच गेलं असं मी धरून चाललो होतो.

यंदा दसऱ्याला आमच्याकडे सण नव्हता, वर्ष सरलं नव्हतं. पण आपट्याची दोन पानं घेऊन मी समोर गेलो. म्हटलं, त्याला सोनं द्यायला काय हरकत आहे. बघतो तर त्याच्या दाराला तोरण नाही, पाट मांडलेला नाही, कपाटातल्या डब्या कोरड्या. "काय रे, यंदा पूजा नाही केलीस?" तो म्हणाला, "काकूंचं वर्ष आहे ना काका." ना नात्याचा, ना जातीचा, ना गावचा. आणि यानं वर्ष पाळलेलं. नजर दुसरीकडे न्यावी म्हणून कपाटाकडे बघितलं, तर एका डबीचा कागद निघालेला.

"ही उघडलीस?"

तो एकदम कावराबावरा झाला. "मी नाही. काकूंनी उघडली. आजारी पडायच्या आधीच्या रविवारी. म्हणाल्या, तू घाबरतोस ना, मग माणूस मी घडवते."

"मग खेळली ती?"

"माणूस घडवेपर्यंत तुम्ही उठलात काका. चहाची वेळ झाली म्हणून गेल्या. मग जमलंच नाही. तो तसाच उभा आहे वेशीवर."

आमच्या हिनं हातात घेतलेलं काम कधी अर्धं टाकलं नाही. स्वेटर म्हणू नका, शेवया म्हणू नका. जगात तिचं अर्धं राहिलेलं काम हे एकच, आणि ते या गड्याच्या डबीत बंद! मी खुर्ची ओढून बसलो. "लाव."

"नको ना काका. मले हलवायची हिंमत होत नाही. पुढं रानात लांडगा असते. मी वाचलं आहे. काकूंनी केलेला माणूस माझ्या हातून मेला तर?"

"मेल्यावर काय होतं?"

"पुन्हा वेशीवर उभा राहते."

"उभा राहतो ना परत? मग रडतोस कशाला? आमच्यात ती सोय नाही."

त्यानं डबी हातात घेतली आणि परत ठेवली. मग मी म्हटलं, "आज दसरा आहे. गडी वेशीवर उभा, आणि तू त्याला सीमोल्लंघन करू देत नाहीस. हे काय शहाण्याचं लक्षण आहे?"

त्यानं खेळ लावला. पडद्यावर एक गाव, गावची वेस, आणि वेशीत एक माणूस. टक्कल. जाड भुवया. नाक असं की ऊन लागलं तर खाली सावली पडावी. कपाळाला आठी. मी माझ्या टकलावरून हात फिरवत म्हटलं, "हा कोण?" समोरचा खाली बघून हसत होता. "काकू सारख्या म्हणत होत्या, नाक अजून मोठं कर, अजून कर. खेळच म्हणाला की याहून मोठं होत नाही." स्वभाव वाटायचे असतात म्हणे त्यात. जोर किती, चपळाई किती, हुशारी किती. हिनं सगळं माप गोड बोलण्यात टाकलेलं, बाकी ठणठणीत कोरडं. "असं का केलं?" मी विचारलं. तर ही त्याला म्हणाली होती म्हणे, "इथं तरी बोलू देत गोड."

व्हायचं तेच झालं. गडी वेस ओलांडून रानात गेला आणि पहिल्याच लांडग्यानं फाडला. समोरच्यानं डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "डोळे उघड, उठलाय तो." पुन्हा गेला, पुन्हा मेला. लांडग्याशी गोड बोलून उपयोग नसतो. शेवटी मीच म्हटलं, "अरे, ओढ्याकडून ने की, अंगावर कशाला घालतोस?" तसा तो रान चुकवून एका शहराच्या दरवाजाशी पोचला. दरवाजा बंद. बाहेर भालेवाला पहारेकरी. खाली इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय तो?"

समोरचा वाचेना. मान वळवली. मग म्हणाला, "काका, खेळ नाव विचारते सुरुवातीला. काकू म्हणाल्या, यांचं नाव मी कसं घेऊ? आणि मी रोज हाक मारते तेच टाक म्हणाल्या."

"वाच तू."

त्यानं वाचलं. "अहो, उशीर केलात. आत या."

खिडकीचा जाड पडदा मी उठून बाजूला केला. ऊन आत आलं. परत येऊन बसलो आणि म्हटलं, "परत वाच." त्यानं परत वाचलं. मग पहारेकऱ्याला काय उत्तर द्यायचं ते खेळानं विचारलं. समोरचा लगेच म्हणाला, "थांबा काका, आधी वाचून घेऊ कुठलं बरं पडते." मी म्हटलं, "वाचायचं नाही. जे सगळ्यात गोड असेल ते दाब." दरवाजा उघडला.

आता रविवारी दुपारी मी आडवा होत नाही. वाटीत काहीबाही घेऊन समोर जातो. त्या मुलखात शिंपी, कोळी, सावकार, राणी, जो भेटतो तो आमच्या गड्याला अहो म्हणतो, आणि समोरचा वऱ्हाडी हेल काढून ते मोठ्यानं वाचून दाखवतो. परवा त्यानं दुसऱ्या एका डबीचा कागद टोकाला थोडासा सोलला. मी पाहिलं, पण बोललो नाही. आमचा खेळ अजून पुष्कळ उरलाय म्हणतो तो. मी त्याला सांगून ठेवलंय, सावकाश ने. घाई कुणाला आहे?