एक महिना गोळी, एक महिना पूड

माझी नोकरी थुंकीची होती. हे वाक्य मी जन्मभर मुद्दाम असंच सांगत आले, कारण ते ऐकून समोरच्याचा जो चेहरा होतो तो बघायला मला फार आवडतं. बऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळच्या दवाखान्यात खोकल्याचे रोगी यायचे. त्यांची थुंकी काचेवर पसरायची, लाल रंग टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, आम्लानं धुवायची, मग निळा रंग द्यायचा आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. धुतल्यावर बाकी सगळं लाल रंग सोडून देतं, क्षयाचे जंतू सोडत नाहीत. निळ्यावर बारीक लाल काड्या दिसल्या की रोग्याच्या कार्डावर मी खूण करायची. मॅट्रिक झालेली मुलगी असलं काम करते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण गावात हे काम येणारी मी एकटी होते.

ती वर्षं मोठी गमतीची होती. आम्ही जागचे हललो नव्हतो, पण छप्पन साली राज्य बदललं. नागपूर आमची राजधानी होती, ती एकाएकी परराज्यात गेली आणि भोपाळ आमचं झालं. दवाखान्यात नवे कागद आले, सगळे हिंदीतून. रोगी निंबोल्यासारख्या खेड्यातला, बोलणार मराठीत, मी लिहिणार हिंदीत, आणि डॉक्टर वाचून हसणार. आमचे डॉक्टर नागपूरला शिकलेले. त्यांच्याकडे विलायतेतली मासिकं बोटीनं यायची, कधी कधी महिनेच्या महिने उशिरा, पण ती आली की डॉक्टर दुपारचा चहा विसरायचे. त्यांनीच मला समजावलं होतं की क्षयावर औषधं निघाली तेव्हा साऱ्या जगाला वाटलं, जिंकलो. मग जिथं तिथं एकच गोष्ट दिसायला लागली. एकटंच औषध दिलं तर रोगी आधी सुधारतो, आणि काही महिन्यांनी तेच औषध त्याच्यावर चालेनासं होतं. जंतू त्याला सरावतात. म्हणून दोन औषधं एकदम द्यायची. एकाला चुकवून जो जंतू वाचेल, त्याला दुसरं गाठेल.

हे मला तोंडपाठ होतं. पुढं जे झालं त्यात हेच मनाला सगळ्यात जास्त लागतं.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. वडील गेल्यापासून आमच्या गावची, निंबोल्याची शेती माय बघायची आणि दादा तिच्या हाताखाली राबायचा. केळी आणि कापूस. दादाचा खोकला लांबला, तेव्हा मीच त्याला दवाखान्यात ओढून आणलं, मीच काच रंगवली आणि मीच ती बघितली. लाल काड्या होत्या. मी कार्डावर खूण केली, मागच्या अंगणात जाऊन तोंड धुतलं आणि पुढची काच घेतली.

डॉक्टरांनी त्याला दोन औषधं दिली. एक पांढरी बारीक गोळी आणि एक कडू पूड. पूड इतकी की दिवसभरात ओंजळभर घशाखाली घालावी लागायची. दर महिन्याला माय बैलगाडीनं येऊन औषध घेऊन जायची. आमच्या नव्या कार्डावर प्रश्न होता, दवा लेते हैं? मी विचारायची, "माय, दादा औषध घेतो ना?" माय म्हणायची, "हो व, मी सोता देते." मी हिंदीत 'हाँ' लिहायची. माय खोटं बोलत नव्हती. आयुष्यात तिला तेवढं एक जमलं नाही.

पहिल्या दोन महिन्यांत दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिसऱ्यानंतर खोकला परत आला आणि काचेवर आधीपेक्षा जास्त लाल काड्या दिसल्या. डॉक्टर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी दादाची थुंकी बाटलीत घेतली, बाटली लाकडाच्या भुशात रोवून पत्र्याच्या डब्यात बंद केली आणि रेल्वेनं नागपूरला पाठवली. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांचा वर्गमित्र होता. आता ते दुसरं राज्य, आमचं कोण करणार, असं मी म्हटलं तर म्हणाले, "जंतूंना कुणी कळवलंय का राज्य बदलल्याचं?" तिथं अंड्याच्या बलकावर जंतू वाढवून बघायचे की कुठलं औषध त्यांना मारतं आणि कुठलं नाही. हे मी मायला सांगितलं तर ती म्हणाली, "आम्ही अंड्याले शिवत नाही अन् त्या मेल्यायले अंडे खाऊ घालतात?"

उत्तर यायला दोन महिन्यांच्या वर गेले. गोळी आता दादाच्या जंतूंवर चालत नव्हती, पूड अजून चालत होती.

मला काही केल्या उमगेना. दोन औषधं एकदम चालू असताना हे कसं झालं? रविवारी मी निंबोल्याला गेले आणि स्वयंपाकघरातला कोनाडा उघडला. आत दोन डबे होते. एकात पुड्या काठोकाठ भरलेल्या, दुसऱ्यात गोळ्या, त्याही महिनोन्महिने पुरतील एवढ्या. मी विचारलं, हे काय? माय केळीच्या पानावर पापड घालत होती. तिनं हात पुसले आणि मला असं समजावून सांगितलं, जणू मी सल्ला विचारायला आलेली शेजारची पोर आहे.

"एका वावरात दोन पिकं एकदम घेतली, त दोन्ही पडतात. म्हनून एक महिना गोळी देते, एक महिना पूड. अन् तिसऱ्या महिन्याले काही नाही, पडीत. आंगाले इसावा नको? या महिन्यात गोळीची पाळी होती, पूड पुढच्या महिन्यात."

ती हे अभिमानानं सांगत होती. केळी घेतलेल्या वावरात पुन्हा लगेच केळी लावायची नाही, मध्ये कापूस घ्यायचा, मग जमीन मोकळी ठेवायची, हे तिनं वडलांच्या मागं एकटीनं सांभाळलं होतं आणि तिचं वावर गावात सगळ्यांत चांगलं पिकत होतं. जे जमिनीला मानवलं ते पोराला मानवणार नाही असं तिला का वाटावं? हे मला आज सुचतं. त्या दिवशी मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते. मी मायला अडाणी म्हटलं. तू माझ्या भावाला मारलंस, म्हटलं. एकेका महिन्यात एकेक औषध एकटं देऊन तिनं नेमकं तेच केलं होतं जे जगभरचे डॉक्टर करू नका म्हणून सांगत होते, आणि मी दर महिन्याला 'हाँ' लिहीत बसले होते. पापड अर्धे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी माय दादाला घेऊन माझ्या शनवाऱ्याच्या भाड्याच्या खोलीवर आली. वावर काकांकडे सोपवून. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मला वाटलं आता हिची खैर नाही. पण ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"माय, आता सुई आणि पूड, दोन्ही रोज, एकाच दिवशी. गोळी आता निकामी. ही दोन औषधंही बिघडली, तर माझ्याकडे तिसरं नाही. पोरगा वाचवायचा असेल तर यात एक दिवस पडीत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमची ही रीत आणखी कुणी पाळतं का?"

मायनं मान खाली घालून सांगितलं. निंबोल्यात आणखी काही घरांत हा रोग होता, झाकून ठेवलेला, आणि औषध कसं द्यावं हे बायका मायलाच विचारत होत्या. गावात शहाणी म्हणून तिचं नाव होतं ना.

डॉक्टरांनी त्या दिवसापासून कार्डावरचा छापील प्रश्न खोडून टाकला. आम्ही विचारायला लागलो, काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय घेतलं ते दाखवा. तेव्हा कुठं कळलं की कुणी एकादशीला औषध सोडतं, कुणी उन्हाळ्यात गरम पडतं म्हणून बंद करतं, कुणी आपली अर्धी पूड खोकणाऱ्या जावेला देतं. सगळे आधी 'हाँ' म्हणालेले होते. डॉक्टरांनी हे नागपूरच्या मित्राला कळवलं. त्यानं उलट टपाली लिहिलं की त्यांच्या दवाखान्यातही आता रोग्यांना असंच विचारणार आहेत. मायच्या एका चुकीनं दोन राज्यांतल्या दवाखान्यांना प्रश्न विचारायला शिकवलं, हे मी कुणालाही छाती काढून सांगते.

दादाला नवं औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एक बाटली नागपूरला गेली. याच सुमारास डॉक्टरांनी इतवारा पेठेत, बाजाराच्या दिवशी, क्षयावर एक सभा ठेवली. खेड्यांतली माणसं बाजाराला यायचीच. कापडाच्या दुकानाचा ओटा मागून घेतला, फुफ्फुसाचं चित्र टांगलं. आदल्या दिवशी माय दवाखान्यात आली आणि म्हणाली, तिथं मी बोलते.

डॉक्टर गडबडले. त्या काळी टीबीचं नाव काढलं तरी घरातल्या मुलीची सोयरीक मोडायची, आणि माझं लग्न व्हायचं होतं. ते म्हणाले, "नागपूरचा कागद येऊ द्या. मुलगा बरा होतोय हे एकदा कळलं की बोला. लोकांचाही विश्वास बसेल."

"नाही साहेब," माय म्हणाली. "तो बरा झाला, त लोकं म्हनतील हिचीच रीत बरोबर होती. अन् गेला, त म्हनतील नशीब. दोन्हीकून कोनी काही शिकनार नाही. मी आताच सांगते."

मी तिथंच काच हातात धरून उभी होते. एवढी पुस्तकं वाचलेल्या आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर चढली. डोक्यावरचा पदर दातात धरायची तिची सवय होती, तो तिनं सोडला.

"माझ्या घरात टीबी आहे. माझ्या पोराले आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या दोन बायका मागं सरकल्या. "डॉक्टरनं दोन औषधं रोज सांगतली होती. मी एक महिना एक देली, एक महिना दुसरी, अन् एक महिना काहीच नाही. वावरावानी. आता ती गोळी त्याच्यावर चालत नाही. हे माझ्या हातानं झालं. तुमच्यातल्या काही जनीयले मीच असं शिकवलं. तुम्ही आज घरी जाऊन दोन्ही औषधं एका ताटलीत मांडा अन् रोज सोबत द्या. माझा पोरगा वाचतो का नाही, मले माहीत नाही. तुमचे वाचवा."

ती खाली उतरली. मी गर्दीतून वाट काढत गेले आणि सगळ्यांसमोर तिच्या पाया पडले. रस्त्यात, बाजारात, मला कशाची लाज वाटली नाही. त्याच आठवड्यात निंबोल्याच्या तीन बायका आपापले डबे घेऊन दवाखान्यात आल्या. एकीनं डॉक्टरांना नव्हे, मायलाच विचारलं, हे बरोबर आहे का पाहा.

नागपूरचा कागद पावसाळ्याच्या तोंडावर आला. बलकावर काहीच उगवलं नव्हतं. दादानं तो दोनदा वाचला, मला वाचायला लावला आणि सकाळच्या पुडीकडं बघून म्हणाला, "आता त साफ झालं. मंग हे काह्याले?"

मायनं ताटली त्याच्यापुढं सरकवली. "कागद डॉक्टरचा. पूड तुझी."

डॉक्टरांनी सांगितलेले सगळे महिने संपेपर्यंत ती रोज त्याच्यासमोर बसायची. त्यानं गिळलं की म्हणायची, तोंड उघड. मिशी फुटलेला गडी, तोंड वासून बसायचा.

माय जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर एके दिवशी वर्तमानपत्रात वाचलं की क्षयाचे जंतू औषधाला हट्टी होऊ नयेत म्हणून, रोग्यानं औषध कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळावं असा नवा नियम जगभर लागू होतोय. मी निंबोल्याला दादाला फोन केला आणि बातमी वाचून दाखवली.

"फार उशीर केला त्यायनं," नातवाला मांडीवर घेऊन बसलेला माझा भाऊ म्हणाला. "माय त तोंड उघडून पाहे."