खिशातला रोटर

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मी तासभर बोलतो. पद्मिनीचा स्टीअरिंगखालचा गिअर हाताला कसा बसतो, अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर तिघांऐवजी पाचजण कसे मावतात, थंडीच्या सकाळी चोक किती ओढायचा, हे मी चहाच्या टपरीवर अनोळखी माणसांनाही ऐकवलेलं आहे. नव्या गाड्यांना मी नावं ठेवत नाही. ब्रेक जागेवर लागतो, एसी गार असतो, नांदेडहून लातूरला जाऊन आलं तरी कंबर शाबूत राहते. मात्र एक फरक मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितला नाही. नवी गाडी बंद पडली की समोरच्या पडद्यावर कारण उमटतं. जुनीच्या बाबतीत मालक सांगेल तेच कारण.

माझी पद्मिनी मी चाकूरला बी-बियाणांचं दुकान चालवत होतो तेव्हाची. लग्न व्हायचं होतं, सगळा जीव त्या गाडीत. जुनीच घेतली होती, पण नांदेडहून सायीसारखा रंग मारून आणला. रंगारी म्हणाला, "पंधरा दिवस चिखलात घालू नका." त्याच पंधरवड्यात भूकंप झाला.

किल्लारीची बातमी आली तशी आमच्या गल्लीतल्या बायका भाकरी थापायला बसल्या. पलीकडच्या मोहल्ल्यातूनही चटणी-भाकरीची गाठोडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानाच्या ओट्यावर रचलेली होती आणि पाऊस लागला होता. गावातल्या जीपा, टेम्पो आधीच गेलेले. उरली होती एकच गाडी.

लोक मागायला येणार हे मला कळत होतं. त्याआधीच मी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली आणि आतला रोटर शर्टाच्या खिशात टाकला. रोटर म्हणजे सुपारीएवढा काळा तुकडा. तो नसला की प्लगपर्यंत ठिणगी पोचत नाही आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. चोरांच्या भीतीने लोक तो काढून ठेवत. मी तो भाकरी न्याव्या लागू नयेत म्हणून काढला.

लोक आले. मी सगळ्यांसमोर किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच कण्हत राहिलं.

"काय झालं रे?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"सुरूच होईना काकू."

"एवढी नटवलीस अन् ऐन वक्ताला रुसली व्हय!"

तेवढ्यात कुणीतरी गॅरेजवाल्या चाचांना सायकलवरून घेऊन आलं. तालुक्यात गाड्यांचे जाणकार ते एकटेच. माझ्या पद्मिनीचा आवाज ते डोळे मिटून ओळखायचे. त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं. मग माझ्या खिशाकडे पाहिलं. पावसाने शर्ट अंगाला चिकटलेला, त्यात तो तुकडा उठून दिसत होता.

"रोटर गेलाय," चाचा लोकांकडे वळून म्हणाले. "थांबा, आणतो."

पंधरा मिनिटांत ते दुसरा रोटर घेऊन आले, बसवला. "मार सेल्फ." गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गाठोडी भरली गेली. चाचा माझ्या शेजारी बसत म्हणाले, "म्या बी येतो संगं. वाटंत पुन्हा बिघडाया नको."

किल्लारीत काय पाहिलं ते लिहीत नाही. खिडकीतून भाकऱ्या कशा गेल्या ते कळलंच नाही. परतताना मागच्या सीटवर पाय मोडलेली एक आजी आणि तिची सून होती. त्यांना लातूरच्या दवाखान्यात पोचवलं. दारापासून टपापर्यंत चिखल बसला होता. रंगाची आठवण मला तिसऱ्या दिवशी झाली. नंतर आठवडाभर आम्ही रोज खेप केली, त्या खेपा खऱ्या होत्या. पण लोक बोलायचे ते पहिल्या खेपेबद्दल. "नव्या रंगाची गाडी याने चिखलात घातली," असं माझ्या लग्नातही कुणीतरी माईकवर सांगितलं. मी मान खाली घातली, ती लोकांना नम्रता वाटली.

पुढे आम्ही दुकानासकट नांदेडला आलो. मुलगी मोठी झाली, दहावीला छान गुण मिळाले आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे लातूरला शिकवणीला जायचं ठरलं. गाद्या, बादल्या, पुस्तकं घेऊन त्या हंगामात त्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या लातूरच्या वसतिगृहांकडेच निघालेल्या असायच्या. माझ्या मुलीने शाळेत वडिलांवर निबंध लिहिला होता. त्यात अर्थातच ती पद्मिनी होती, आणि तो निबंध तिने वसतिगृहात भिंतीवर लावायला घेतला होता. दोन वर्षं ती माझं ते खोटं चित्र बघत अभ्यास करणार, या विचाराने मला जेवण जाईना. लातूर यायच्या आत सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. तोंड उघडलं की मी एसीबद्दल बोलायचो. चाकूरला चाचांना घेतलं. त्यांना माझी नवी गाडी बघायची होती. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आतलं प्लास्टिकचं झाकण टकटक वाजवलं आणि बसता बसता म्हणाले, "मिस्त्रीला हात घालायला जागाच न्हाई ठेवली. ह्ये इंजन हाय का टिफिन?"

मुलगी हसली. "चाचा, त्या पहिल्या दिवशी तुम्ही होतात ना पप्पांबरोबर?"

"व्हतो की."

मी गाडी कडेला घेतली. तंबाखूच्या जुन्या डबीत ठेवलेला रोटर घरातून निघतानाच खिशात घातला होता. तो तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. काकूंच्या टोमण्यासकट. ती तो तुकडा उलटसुलट करून बघू लागली. मी समोर काचेकडे बघत होतो.

मागून चाचा खाकरले. "आता माझं बी ऐक, बेटी. माझ्याकडं स्पेअर रोटर कुठला? वकीलसाहेबांची पद्मिनी सर्व्हिशीला आल्ती. तिचा काढून आणला."

"म्हंजे?" मी मागे वळलो. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

"सायबांना सासरवाडीला जायचं व्हतं. सात-आठ दिवस गाडी जाग्यावर. म्या सांगितलं, भूकंपाच्या हादऱ्यानं आतून बिघडली. मरेस्तोवर कोर्टात सांगत फिरले, भूकंप माझ्या गाडीला बी लागला म्हणून!"

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे पप्पा, गाडी तुम्ही दिलीच नव्हती. ती चाचांनी घेतली."

"हो."

"मग निबंध पुन्हा लिहावा लागणार." तिने रोटर कंपासपेटीत टाकला. "हा मी ठेवते. चला, मेस बंद होईल."

मला शिक्षा हवी होती, ती अशी मिळाली. नंतरच्या दोन वर्षांत एखाद्या रविवारी फोनवर म्हणालो, की दुकानात काम आहे, या आठवड्याला येणं जमत नाही, की पलीकडून लगेच प्रश्न यायचा, "पप्पा, खिसा बघितला का?" मी खरोखर खिसा चाचपायचो आणि बहुतेक वेळा गाडी काढायचो. वाटेत चाकूरला चाचा थांबलेले असायचेच.