वारलूभाऊची शिशी

वरोऱ्याच्या फारूकमिस्त्रींचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या मोटरसायकली दूरवर धाडण्यात गेलं. हिंडायला निघालेली माणसं त्यांच्या दुकानात चेन घट्ट करून घेत, चहा पीत, घाटांच्या आणि नदीकाठच्या रस्त्यांच्या गोष्टी सांगत आणि निघून जात. मिस्त्री हात पुसत ऐकत राहत. साठी उलटली, दुकान मुलाच्या, जिशानच्या हाती गेलं, तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं, "येतं का मागं बसून?"

"चौतीस वर्षं वाट पाहून राह्यली," कनीजबी म्हणाल्या.

पहिल्या हिवाळ्यात दोघांनी जिवतीचे डोंगर पाहिले. एका वळणावर गिट्टीवरून गाडी घसरली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण जिशान घाबरला. यंदा सिरोंचाला प्राणहिता पाहायला निघाले, तेव्हा त्यानं अट घातली.

"अब्बा, वाटेत कोणाची मदत घ्या लागली, तर गाडी विकाची."

"मले मदत?" मिस्त्री हसले. "मी बनवलेली गाडी हाय ते."

आदल्या दिवशी त्यांनी गाडीचा नट न् नट तपासला, कार्बोरेटर धुतला. आलापल्लीत नातलगाकडे मुक्काम झाला आणि सकाळी पुढचं सागवान सुरू झालं. पानगळीतून ऊन थेट रस्त्यावर उतरलेलं. चढ आला की इंजिनाचा आवाज जड होई, उतार लागला की हलका. कनीजबी मागून बोट दाखवत. तो पाहा मोर, ती पाहा वारुळं. मिस्त्री नुसती मान डोलवत. एवढं सुख अंगावर घ्यायची सवय नव्हती त्यांना.

अन् एका चढावर गाडी दोनदा उसासली आणि थांबली.

मिस्त्रींनी टाकीखालच्या कॉकला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. पेट्रोल सरत आलं की कॉक रिझर्ववर फिरवायचा, मग राखलेलं पेट्रोल मिळतं. पण कॉक आधीच रिझर्ववर होता. कार्बोरेटर धुतल्यावर त्यांनीच तो तसा ठेवला होता. राखलेलंसुद्धा वाटेत जळून गेलं होतं. याच चुकीसाठी त्यांनी उभ्या जन्मात शेकडो गिऱ्हाइकांना झापलं होतं.

तासाभरानं गवताचा भारा बांधलेली एक मोटरसायकल आली. चालवणारा वारलू, पलीकडच्या गावचा धानाचा शेतकरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मिस्त्रींच्या काळ्या नखांकडे पाहिलं.

"भाऊ, मिस्त्री दिसता तुमी."

"हो."

"मंग रिझर्ववर काऊन फिरून राह्यले?"

कनीजबींनी ओढणीचा पदर तोंडाशी धरला. मिस्त्री खाली पाहत राहिले.

वारलूनं आपल्या गाडीची पेट्रोलची नळी काढली आणि भाऱ्यात खोचलेली रिकामी काचेची शिशी पेट्रोलनं भरून दिली. पैशाला तो हात लावेना. मिस्त्रींनी मग त्याची ढिली चेन ताणून दिली, ब्रेक नीट केला. निघताना तो म्हणाला, "शिशी तेवढी परत आणा. माही बायको मनकर्णा मोहाचं तेल ठेवते त्यात. नाई भेटली त मले घरात घेनार नाई."

वाटेतल्या पंपावर टाकी भरून, दिवस बुडायच्या आत ते सिरोंचाला पोचले. प्राणहितेचं पात्र एवढं रुंद की पलीकडची माणसं मुंग्यांसारखी. पाण्यावर सूर्य टेकला होता. तेवढ्यात जिशानचा फोन आला. कनीजबींनी उचलला.

"गाडी कुठीच बिघडली नाई," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

मिस्त्रींनी हात पुढे केला. "दे इकडं."

"काऊन? झालं ना बोलून."

"त्याच्या पेट्रोलनं इथवर आलो, कनीज. त्याचं नाव गिळून टाकू?"

आणि त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. कॉक, वारलू, शिशी, काहीच ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुही अट मले मान्य हाय. पण गाडी परत आल्यावर विकू. शिशी द्याची हाय."

मग जिशान म्हणाला, "शिशी भरून द्या. अन् गाडी राहू द्या, अब्बा. पुढच्या वर्षी त्याच्याकडं जाले लागंल ना."

नदीवरून गार वारा आला, आणि मिस्त्रींनी नुसतंच डोळे मिटून वर मान केली.

सकाळी निघताना त्यांनी कॉकला हात लावला. मागून वाकून कनीजबींनीही पाहिलं. शिशी त्यांच्या मांडीवर होती, धुतलेली, ओढणीत गुंडाळलेली. सिरोंचाच्या बाजारातल्या मोहाच्या तेलानं काठोकाठ भरलेली.