पाडेल्याची सोबत

आमच्या आचऱ्याच्या बागेत नारळ काढायला येणारा पाडेली माडाशी बोलत बोलत चढतो. "हालू नको गो म्हातारे, मी इलंय," असं पुटपुटत तो शेंड्याला पोचतो आणि खाली उभा असलेला मी डोळे मिटून घेतो.

त्याला कॅन्सर निघाला. केमो घ्यायची ठरली त्या दिवशी हा माणूस माझ्या पडवीत येऊन बसला. म्हणाला, "मास्तरांनू, माडार चढताना धरूक माड तरी आसता. थंय काय धरू?"

सोबतीला मी निघालो. गोव्याच्या इस्पितळापर्यंत गाडीत मी धीराचं भाषण ठोकलं. तो दर वाक्याला "होय मां," म्हणत होता, पण गुडघ्यावरची बोटं थरथरत होती. नर्सने पाकिटातून सुई काढली. त्याने सलाइनच्या खांबाला हात लावून कपाळाला लावला, जसा तो प्रत्येक माडाला लावतो. आणि धीर द्यायला गेलेला मी सरळ आडवा झालो.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो. सुई टोचलेला हात खुर्चीवर तसाच ठेवून, दुसऱ्या हाताने तो स्वतःच्या फाइलीने मला वारा घालत होता. मी सुईच्या हाताकडे बघतच राहिलो. तो जरासुद्धा थरथरत नव्हता.

परतताना मी खाली मान घालून म्हटलं, "फुडल्या खेपेक दुसऱ्या कोणाक तरी ने रे."

"नको, तुमीच येवा," तो म्हणाला. "तुमका सांभाळताना माका भियाक येळच गावलो नाय."