मामांचं सारवलेलं अंगण

नुकतंच सारवलेलं अंगण दवाखान्यातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा खरं बोलतं, असं मानणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या सासरी. आमच्या सौभाग्यवतींचे मामा! पहिल्या महायुद्धात ते घोड्यांच्या इस्पितळात घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. परत आल्यावर मुरबाडच्या वेशीपाशी घर बांधलं आणि आसपासचं प्रत्येक लंगडं जनावर ओल्या अंगणातून आधी सरळ, मग उलट्या पावली, मग गरागरा फिरवून चालवायचं व्रतच घेतलं. शेणात उमटलेल्या खुरांवर ओणवे होऊन ते तासभर बघत राहायचे. मामी कपाळावर हात मारायच्या. "अवो, आत्ता सारवलाय मी! घोडा घेऊन तुमी रानात जा ना!" मामा मान वर न करता म्हणायचे, "सुकल्यावर काय बघू गो?"

माणसंही त्यातून सुटली नाहीत. धाकट्या मुलीला बघायला वाशिंदचं स्थळ आलं, तेव्हा मामांनी नवऱ्या मुलाला चहाआधी डोळे मिटून अंगणातून चालायला लावलं आणि मागून त्याच्या कोटाचं टोक हळूच ओढलं. तो बिचारा ताठ उभा राहिला. "कणा शाबूत हाय. पोरगी द्यायला हरकत नाय," मामांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. माझं लग्न ठरताना त्यांनी मला उलट्या पावली चालवलं होतं. मी डॉक्टर असल्याचं सांगून पाहिलं, पण काडीचा उपयोग झाला नाही.

तर अशा माणसाकडे मी माझी हरणी घेऊन गेलो तो अगदी नाइलाजानं. माझी सगळी डॉक्टरी त्या घोडीच्या पाठीवर चालायची; वैशाखऱ्यापर्यंतची गावं तिच्याशिवाय मला कुठली गाठायला? पंधरा दिवस ती मागच्या पायांत अडखळत होती, वळताना तिचा पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, झोकांड्या खात होता. शहापूरच्या एका घोडेवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, "कमरी झालीय. आता कंबर लुळी पडत जाणार. हाल करू नका, गोळी घाला." मीही मोठ्या शहाणपणानं मान डोलावली. पाटलांना बंदुकीसाठी निरोपसुद्धा गेला होता. सौभाग्यवती रडायला लागल्या, म्हणून फक्त मामांकडे गेलो.

मामांनी मामींना अंगण सारवायला लावलं. हरणीला चालवता चालवता तिची शेपटी बाजूला ओढली. घोडीनं असा हिसका दिला की मामाच दोन पावलं फरफटले. "जोर बघा, जावईबापू!" मग तिचा मागचा एक पाय उचलून दुसऱ्यापलीकडे तिरपा टेकवला. तिनं तो लगेच सरळ करून घेतला. डोळ्यांवर धोतराचं टोक धरून मागे चालवली, तरी तोल गेला नाही. शेवटी मामा खुरांच्या ठशांपाशी बसले आणि माझ्याकडे बघून हसले. "डोकं नीट, कणा नीट. हा डावा मागचा खूर बघा, फक्त बाहेरच्या कडेवर पडतोय. आतली बाजू दुखतेय तिची." त्यांनी नालेचा एकेक खिळा हातोडीनं हलकेच ठोकून पाहिला. तिसऱ्या खिळ्याला हरणी थरथरली. पकडीनं तो उपटला, तशी मागोमाग काळा पू आला. नालबंदानं खिळा जिवंत मांसालगत ठोकला होता. मी शरमेनं मेलो! एवढी डॉक्टरी शिकलो आणि पाय उचलून बघायचं सुचलं नाही.

मामा कोंड्याचं पोटीस बांधत असताना मी त्यांना बंदुकीच्या निरोपाचं सांगून टाकलं. वाटलं, आता चांगलेच सुनावतील. पण मामांचे हात थांबले. "लढाईत आमी एका घोड्याला घातली गोळी. अशीच घाई. मेल्यावर नाल काढली, तर आत खिळा." एवढं बोलून ते पुन्हा पट्टी गुंडाळू लागले. त्या माणसाच्या अंगणाची आम्ही किती वर्षं थट्टा केली होती! मला त्यांच्याकडे बघवेना.

हरणी महिन्याभरात धावू लागली आणि पुढे कितीतरी वर्षं मला घेऊन हिंडली. तापानं फणफणलेली पोरं, अडलेल्या बाळंतिणी, जिथे जिथे मी वेळेवर पोचलो, तिथे लोकांनी माझेच पाय धरले, आणि मी ते धरू दिले. मामांचे पाय मात्र मी एकदाही धरले नाहीत. आज ते नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.