पंचवटीचा पत्ता

सिंधुबाई राहायची निफाडकडच्या सावळीवाडीत, पण सरकारी दवाखान्याच्या लेखी ती नाशिकला पंचवटीत राहत होती. नवऱ्यामागोमाग तिलाही एचआयव्ही निघाला, तेव्हा तिनं बेधडक मावसबहिणीचा पत्ता ठोकून दिला होता. नवरा कावीळ होऊन गेला, असं गावाला सांगितलं. औषधाला नाशिक गाठायचं आणि गावात "बहिणीकडं जाते" म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ आता तिलाच जड झाली होती. धाकटा दीर नवनाथ, तिनंच वाढवलेला, भावाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून हिंडला होता आणि आता त्याचं लग्न ठरलं होतं. भाऊ जिथं जिथं थांबला तिथं हाही थांबला असेल का, या भीतीनं तिला अन्न गोड लागेना. तपासून घे म्हणावं, तर तो विचारणार, का? तिथं तिची जीभ रेटत नव्हती.

सगळी भिस्त एचआयव्ही तपासणीच्या सरकारी गाडीवर होती. गाडी चावडीपुढं लागली की अख्खं गाव बीपी-शुगरच्या निमित्तानं रांगेत उभं राहायचं. त्यात नवनाथही गेला असता. पण यंदा गाडी फिरकलीच नाही.

औषधं घेताना तिनं समुपदेशक शुभांगीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सावळीवाडीकडं गाडी कधी जाणार?"

"तिकडं रुग्णच नाहीत, ताई. जिथं आकडा मोठा, तिथं गाडी आधी. पंचवटीत बघा, सारखी जाते."

आपल्याच खोट्या पत्त्यानं गाडी अडली, हे सिंधुबाईच्या ध्यानात आलं. बाहेर बाकावर निफाडकडच्या आणखी दोघी बसल्या होत्या, त्याही कागदोपत्री पंचवटीच्याच. पंचवटी बिचारी फुकट बदनाम झाली होती.

"मी सावळीवाडीची हाय," ती कशीबशी म्हणाली. "पत्ता खोटा दिलाय."

शुभांगी रागावली नाही. "नाव कुठं जात नाही, ताई. आकड्यात फक्त गाव जातं."

तेवढंच तर सिंधुबाईला नको होतं. एवढंसं गाव, शोधायला कितीसा वेळ लागणार? तरी तिनं पत्ता बदलला आणि बाकावरच्या दोघींनाही गळ घातली.

लग्नाआधी गाडी आली. पण तिच्याआधी कुजबूज आली. आधी गाव वगळलं, मग आता उगाच कशाला येतील, कुणीतरी सापडलं असणार, असं जो तो म्हणू लागला. रांगेत जाईल तोच संशयित, म्हणून चावडीकडं कुणी फिरकेना. नवनाथही घरीच बसला.

"वहिनी, गावात कुणाला तरी हाय म्हणत्यात. कोण असंल?"

आज आपण गप्प बसलो तर दुसऱ्या घरची पोर आपल्यासारखीच फसेल, हे सिंधुबाईला कळत होतं.

"मला हाय," ती म्हणाली. "तुझ्या भावाला बी तेच होतं. चल, मी येते संगं."

नवनाथनं उठून पायात चपला घातल्या आणि वहिनीच्याही उंबऱ्यापुढं आणून ठेवल्या.