जावकबाईंच्या मोकळ्या ओळी

नगरपरिषदेच्या कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला क्रमांक द्यायचा आणि ते जावक नोंदवहीत चढवायचं, हे त्यांचं काम. म्हणून सगळे त्यांना जावकबाई म्हणत. सव्वीस वर्षं तेच टेबल, तोच शिक्का आणि खिडकीतून दिसणारी तीच सायकलींची शेड. आई होती तोवर संध्याकाळी घरी जायची घाई असे. आई गेली आणि घाई संपली. धाकटी बहीण रविवारी फोन करायची, "जेवलीस का?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःच्या पोरांवर ओरडायला वळायची. बाकी आठवडाभर बाईंशी बोलणारं जे कोणी होतं ते कचेरीतच: चहाच्या वेळी जमणाऱ्या चौघीजणी, त्यांच्या सासवा आणि त्यांचे गुडघे. निवृत्तीला पाच महिने उरले होते. पुढे कुणाशी बोलायचं, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

आता ही नोंदवही लिहायची एक रीत होती. कुठल्या नियमात ती सापडायची नाही, पण माहीत मात्र सगळ्यांना. संध्याकाळी दिवस बंद करताना शेवटच्या पत्राखाली दोन क्रमांक घालून दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. साहेबांना गुरुवारी आठवलं की अमुक पत्र सोमवारीच जायला हवं होतं, की ते सोमवारच्या मोकळ्या ओळीत बसवायचं. बाईंना हे आधीच्या जावकबाबूंनी शिकवलं आणि बाईंनी ते इमानेइतबारे पाळलं. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी ते वाटूही दिलं नाही.

मग एका निवृत्त मास्तरांनी माहितीचा अर्ज टाकला. अध्यक्षांचं दालन नव्यानं सजलं होतं. लाकडी भिंती काय, गालिचे काय, विचारू नका. मास्तरांचं म्हणणं एवढंच, की काम देण्याआधी अध्यक्षांनी अभियंत्याला ठेकेदारांकडून दर मागवायला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर त्या पत्राची प्रत द्या आणि काम दिलं त्या महिन्याच्या जावक नोंदवहीचीही द्या. असं पत्र कधी जन्मालाच आलं नव्हतं. ते आता जन्माला घालायचं होतं, म्हणजे सगळा ठपका अभियंत्यावर आणि अध्यक्ष नामानिराळे.

अध्यक्षांचा पीए स्वतः खाली आला, स्टूल ओढून बसला. "बाई, दहा तारखेची एक ओळ द्या. त्याआधी साहेब दौऱ्यावर होते, आणि काम विसाला दिलंय."

बाईंनी वही उघडली. ओळ नव्हती. त्या दिवशी नव्हती आणि पुढचे दोन आठवडेही नव्हती. दहा तारखेला भर दुपारी दवाखान्यातून फोन आला होता आणि बाई पेन उघडं टाकून धावल्या होत्या. त्याच संध्याकाळी आई गेली. त्या परत येईपर्यंत वही टंकलेखकानं लिहिली, आणि त्या भल्या माणसाला रीत ठाऊकच नव्हती. क्रमांकामागे क्रमांक, नाकासमोर. आता बोला!

"मग कोरी वही घ्या," पीए म्हणाला, "आणि महिना पुन्हा उतरवून काढा, तुमच्याच अक्षरात. जुनीचं मी बघतो. आणि हो, तुमची वर्षाची मुदतवाढ साहेबांच्या टेबलावर आहे. सहीच तेवढी राहिलीय."

वर्षभर आणखी हे टेबल, हा चहा. बाई म्हणाल्या, "सोमवारी देते."

रविवारी दुपारी रिकाम्या कचेरीत त्या लिहायला बसल्या. नऊ तारखेपर्यंत हात भराभर चालला. दहाची सकाळही झाली. पुढे टंकलेखकाचं अक्षर लागलं: पाणीपट्टीच्या नोटिसा, एकूण चौदा. त्या दुपारी आईचा हात आपल्या हातात होता, आणि आता आपल्याच अक्षरात लिहायचं की आपण इथं बसून नोटिसांना क्रमांक देत होतो. पहिली नोटीस त्यांच्यानं लिहवेना. तत्त्वबित्त्व काही आठवलं नाही हो, नुसतं रडू आलं. मग त्यांनी नवी वही मिटून कपाटात टाकली.

सोमवारी मास्तरांना बाईंकडून खऱ्या वहीच्या प्रती मिळाल्या, पानोपानी शिक्क्यासकट. तासभर ते बाकावर बसून होते. जाताना म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा डबा राहिला ना?" हे वाक्य बाईंना बरेच दिवस पुरलं.

भर सभेत अध्यक्षांना कबूल करावं लागलं, की दर मागवलेच नव्हते. अभियंता वाचला. मुदतवाढीचा कागद सहीविना परत आला. चौघींचा चहा वरच्या मजल्यावर गेला. भांडलं कुणी नाही. भांडण झालं असतं तर निदान कुणी बोललं तरी असतं. बाईंना इतकं एकटं घरीसुद्धा वाटलं नव्हतं. अकरा वाजले की त्यांची नजर दाराकडे जाई. मास्तर पुन्हा आले तर चहा विचारायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तीन आठवड्यांनी मास्तर आले. आवकच्या टेबलावर कुणी नव्हतं, म्हणून त्यांचा कागद बाईंनीच घेतला. नवा अर्ज होता. त्या दोन आठवड्यांखेरीज रोज दोन ओळी मोकळ्या का आहेत? त्या कुणी ठेवल्या? काही ओळींत वेगळ्या शाईनं मागाहून काय भरलं? ठेवणाऱ्यावर काय कारवाई होणार?

मास्तरांनी चष्मा पुसला. "बाई, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण विचारायला हवं."

"हवंच," बाई म्हणाल्या. "तीस दिवसांत उत्तर मिळेल."

पोच घेऊन ते निघाले. चहा विचारायचा राहिला. आता विचारला असता तर ती लाच झाली असती.  मग बाईंनी उत्तराचा कागद पुढे ओढला आणि दुसऱ्या प्रश्नापुढे आधी लिहिलं: मी ठेवल्या.